आता माझा चान्स!

तर झालं असं, की गेल्या मंगळवारी सकाळी लोकलमध्ये मी माझ्या सख्ख्या भावाशी शर्यत लावली. मी ठाणे आणि परळच्या मध्ये कुठेतरी, एका हाताने कडी धरून उभी. तो पुण्यात, बहुधा आंघोळ करत असावा. तरीही हरले मीच!

घाबरू नका, माझं डोकं ठिकाणावर आहे. ही शर्यत 'सुपर मारिओ रन'मधली होती. लाल टोपी, मिशा, निळी डुंगरी... तोच तो आपला मारिओ, पण मोबाइलवरचा. त्यात 'टोड रॅली' नावाचा एक प्रकार आहे. समोरचा माणूस त्या क्षणी खेळत नसला तरी चालतं. त्याने आधी कधीतरी खेळलेला खेळ रेकॉर्ड होतो आणि भुतासारखा तुमच्या शेजारून पळत राहतो. मित्रांच्या यादीतल्या माणसाशी अशी शर्यत लावायची असेल तर वेगळी 'फ्रेण्डली रन' आहे. थोडक्यात काय, तर माणूस नसतो, त्याचं पळणं असतं.

माझ्या यादीत एकच नाव आहे. दादा. आणि त्या मंगळवारपर्यंत दादा आणि मी आठ महिने एकमेकांशी बोललो नव्हतो.

पण थांबा. मारिओची गोष्ट पहिल्या लेव्हलपासूनच सांगायला हवी.

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना तो डबा आठवत असेल. आमच्याकडे तो डोंबिवलीला आला तेव्हा मी चौथीत होते आणि दादा आठवीत. बाबांनी बोनसमधून आणला होता. कडक प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट, एक गरम होणारा अडॅप्टर आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं, '९९९९ इन वन'. प्रत्यक्षात गेम मोजून सात-आठ. बाकी सगळे तेच, फक्त नाव बदललेले! पण त्या सात-आठांत कॉण्ट्रा होता, रोड फायटर होता आणि मारिओ होता. आणखी काय हवं?

टीव्हीचं चॅनल फिरवून मुंग्यांमधून चित्र शोधायचं. चालत नसेल तर कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची. ही फुंकर मारायचा मान दादाचा. पहिला रिमोटही दादाचा. मारिओ अर्थातच दादा. मी लुइजी.

आता ज्यांनी तो खेळ दोघांत खेळलाय, त्यांना यातली खरी गोम माहीत असेल. १९८५ च्या त्या मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दोघं एकाच वेळी खेळत नाहीत. आधी मारिओ खेळतो. तो मेला की लुइजीचा चान्स. लेव्हल पार केली म्हणून चान्स जात नाही, मरावंच लागतं! म्हणजे ज्याला चांगलं खेळता येतं तो खेळतच राहतो आणि ज्याला येत नाही तो बघतच राहतो. दादा वीस-वीस मिनिटं मरायचा नाही. मी मांडी घालून, दुसरा रिमोट हातात घट्ट धरून बसलेली. शेवटी एकदाचा माझा चान्स यायचा आणि पहिल्याच वळणावर तो तपकिरी मश्रूमसारखा प्राणी येऊन मला धडकायचा. चार सेकंद. संपलं. पुन्हा दादा.

"आता माझा चान्स कधी?" हे माझ्या लहानपणातलं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असावं.

आणि लुइजी म्हणजे तरी कोण? त्या खेळात लुइजी म्हणजे रंग बदललेला मारिओच. तेच नाक, तीच उडी, फक्त कपडे पांढरे-हिरवे. बत्तीस लेव्हल, आठ जगं, शेवटी राजकन्या, सगळं तेच. पण तुमचा नंबर दुसरा.

एक मात्र कबूल करायला हवं. दादाने मला खेळ शिकवला. मी पाइपावरून उडी मारायला जायची आणि बरोब्बर त्याच क्षणी आतून ते दातवालं झाड बाहेर यायचं. दादा ओरडायचा, "अगं येडे, आधी थांब! पाइपाला चिकटून उभी राहा. तू चिकटून असलीस की ते झाड बाहेर येतच नाही." आणि खरंच येत नाही. आजही करून बघा. पाइपाच्या अगदी शेजारी उभं राहिलं की झाड आतच बसतं. लांब उभं राहिलात की येतं आणि चावतं. मला वाटायचं, ही दादाचीच जादू आहे.

हा सगळा खेळ शिगेरू मियामोतो नावाच्या जपानी माणसाच्या डोक्यातून आला. जन्म १९५२, क्योतोजवळच्या सोनोबे गावात. लहानपणी आसपासच्या रानात भटकायचा, कंदील घेऊन गुहेत शिरायचा. १९८१ च्या 'डॉन्की कॉन्ग'मध्ये त्याने एक उड्या मारणारा माणूस तयार केला. तोच पुढे मारिओ झाला. त्याला मिशा का? तर इतक्या कमी ठिपक्यांत तोंड काढता येत नव्हतं, मिशा काढल्या की नाक उठून दिसायचं. टोपी का? तर केस काढायला कठीण होते. म्हणजे आपण ज्याला स्टाइल समजतो ती सगळी अडचणीतून निघालेली पळवाट! 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची अख्खी कॅसेट ४० किलोबाइटची होती. आज तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्याहून जड असतो. जागा वाचवायला त्यांनी काय केलं असेल? ढग आणि झुडुपं एकाच आकाराची वापरली, रंग फक्त वेगळे. मला हे कळलं तेव्हा मी चक्क जाऊन बघितलं. खरंच की हो!

पुढे आमचा डबा माळ्यावर गेला. दादा इंजिनीअरिंगला गेला, मग पुण्याला. मी बारावी, कॉलेज, नोकरी. इकडे मारिओ बनवणारी निन्टेन्डो कंपनी वर्षानुवर्षं हट्टाला पेटून बसली होती, की आमचा मारिओ आमच्याच मशिनवर खेळायचा, दुसऱ्याच्या फोनवर नाही. अखेर मार्च २०१५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी जाहीर केलं, की डीएनए या कंपनीबरोबर मोबाइल गेम बनवू. त्याच वर्षी जुलैमध्ये इवाता वारले. जेमतेम ५५ वर्षांचे होते. ७ सप्टेंबर २०१६ ला सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन ७ च्या कार्यक्रमात स्वतः मियामोतो स्टेजवर आले आणि त्यांनी 'सुपर मारिओ रन' दाखवला. एका हाताने खेळता येतो, म्हणाले. गाडीत कडी धरून, नाहीतर बर्गर खाता खाता. 

मियामोतोसाहेब, आपण डोंबिवली फास्टमध्ये कधी चढलात का?

१५ डिसेंबर २०१६ ला गेम आयफोनवर आला आणि मार्च २०१७ मध्ये अॅण्ड्रॉइडवर. पहिल्या चार दिवसांत चार कोटी डाउनलोड. मीही केला. तेव्हा मी डोंबिवलीहूनच ये-जा करायचे. तीन लेव्हल फुकट होत्या. पुढचं सगळं उघडायचं असेल तर एकदाच ६२० रुपये. मी नाक मुरडलं. ६२० रुपये? एका गेमला? (त्याच आठवड्यात मी मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नसकट त्याहून जास्त उडवले होते, ती गोष्ट वेगळी.)

शिवाय हा गेम नेटशिवाय चालत नाही. त्या काळात फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की नेटवर्क गुल आणि मारिओ अडकला. पिझ्झाच्या डिलिव्हरी बॉयसारखा पत्ता शोधत उभा! मी वैतागून गेम डिलीट करणार, तेवढ्यात एका रविवारी दादा घरी आला.

दादाने माझ्या हातातून फोन घेतला. तीन लेव्हल खेळला. मग मला म्हणाला, "आपण आयुष्यात कधी मारिओचे पैसे दिलेत का गं?"

मी म्हटलं, "बाबांनी डबा आणला होता की."

"त्या डब्यावर निन्टेन्डोचं नाव होतं का कुठे? सगळा नकली माल. त्या माणसाला आपल्याकडून एक रुपयासुद्धा गेलेला नाही. इतकी वर्षं फुकट खेळलो. दे आता." असं म्हणून त्याने माझ्याच फोनमध्ये स्वतःच्या कार्डचा नंबर टाकला आणि ६२० रुपये भरून मोकळा झाला. मग माझं खातं उघडलं, स्वतःला माझ्या मित्रांच्या यादीत टाकलं आणि माझ्या नावाच्या जागी टाइप केलं 'लुइजी'. आम्ही दोघं खो-खो हसलो. आई आतून म्हणाली, "अजून तेच का तुमचं?"

दादाचा मुद्दा बरोबर होता. पण जग दादासारखं नव्हतं. जानेवारी २०१७ संपता संपता निन्टेन्डोने सांगितलं, की ज्यांनी गेम डाउनलोड केला, त्यांतल्या पाच टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी पैसे भरले. बाकी सगळे माझ्यासारखे नाक मुरडणारे. फेब्रुवारीत त्याच कंपनीने 'फायर एम्ब्लेम हीरोज' आणला. खेळायला फुकट, पण हवं ते पात्र मिळण्यासाठी लॉटरीसारखे पुन्हा पुन्हा पैसे टाकत राहायचे. तो मारिओपेक्षा कितीतरी कमी लोकांनी घेतला आणि कमाई मात्र मारिओपेक्षा जास्त केली! किंमत एकदाच आणि स्पष्ट सांगितली की लोक पळतात आणि हळूहळू खिसा कापला की हसत हसत कापून घेतात. २०२३ मध्ये मियामोतो म्हणालेच, की यापुढे मारिओसाठी मोबाइल हा मुख्य रस्ता नसेल. 'सुपर मारिओ रन' मात्र अजून आहे आणि खेळताही येतो.

असो. सहाएक महिने आम्ही खेळलो. मग मी ठाण्याला शिफ्ट झाले, फोन बदलला, गेम राहिला.

बाबा गेले, त्याला आता दीड वर्ष झालं. आईला दादा पुण्याला घेऊन गेला. डोंबिवलीचा फ्लॅट बंद. आणि गेल्या दिवाळीनंतर एक दिवस ऑफिसमध्ये, मीटिंगच्या ऐन मध्यात, दादाचा व्हॉट्सअॅप आला. पीडीएफ. वर लिहिलेलं, 'हक्कसोडपत्र'. खाली, 'वकिलांनी ड्राफ्ट केलंय. बघून घे. शनिवारी सही करून टाकू.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांनी स्वतः घेतलेल्या घरात आई, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. मुलीने लिहून दिलं, की मला माझा हिस्सा नको, तर ते हक्कसोडपत्र. आपल्याकडे घरोघरी हे होतं. बहिणी सही करतात, भाऊ साडी घेतो, सगळे एकत्र जेवतात. कोणी काही बोलत नाही. माझ्या ऑफिसातल्या तिघींनी केलीये. एक म्हणाली, "अगं, माहेर तुटायला नको ना."

दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तो फ्लॅट विकून त्याला पुण्यात मोठं घर घ्यायचं होतं, आईला वेगळी खोली हवी होती. बाबांच्या हॉस्पिटलचा बराचसा खर्च त्याने केला होता. हे सगळं मला मान्य. त्याने फोन करून विचारलं असतं, तर कदाचित मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. पण त्याने विचारलंच नाही. पीडीएफ पाठवली. 'शनिवारी सही करून टाकू.' 

मी लिहिलं, 'नाही.' त्याने लिहिलं, 'ओके.' आणि तिथून आठ महिने सोसायटीचा मेण्टेनन्स भरला का, एवढाच काय तो विषय. आई दोन्हीकडून फोन घ्यायची आणि दोन्हीकडे हवापाण्याचं बोलायची.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरून तक्रार आली, की तुमच्या बाथरूममधून गळतंय. मी रविवारी डोंबिवलीला गेले. प्लम्बर येईपर्यंत करायचं काय, म्हणून माळा आवरायला घेतला. आणि तो डबा! दोन्ही रिमोट, वायर गुंडाळून. पहिल्या रिमोटचं उडीचं बटण आत गेलेलं, इतकं दाबलंय त्याला. दुसरा रिमोट नवाकोरा. माझा!

मी तिथेच लादीवर बसले. जाम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. रागारागातच घरी परत येताना गेम पुन्हा डाउनलोड केला. जुन्या खात्याने लॉग-इन केलं तर सगळं जसंच्या तसं. ६२० रुपये भरलेले. मित्रांच्या यादीत एकटा दादा. आणि वर माझं नाव, लुइजी.

२०१७ मध्ये याच नावावर मी खो-खो हसले होते. आता बघताना वाटलं, याने तर मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

ठरवलं, याचा एकेक स्कोअर तोडायचा.

आता हा मोबाइलचा मारिओ कसा आहे, ते ऐका. इथे मारिओ स्वतःच पळतो. तुम्ही त्याला पळवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. बारके अडथळे तो आपले आपण ओलांडतो. तुमच्या हातात फक्त उडी. बोट टेकवलं की छोटी, दाबून धरलं की मोठी. भिंतीला लागला की पुन्हा उडी मारून उलट्या दिशेला. चोवीस लेव्हल, सहा जगं. ऐकायला फारच सोपं वाटतं. कुठल्याही पाच वर्षांच्या मुलाला लेव्हल पार करता येते. पण प्रत्येक लेव्हलमध्ये पाच गुलाबी नाणी असतात. ती पाचही एकाच फेरीत घेतलीत की जागा बदलून पाच जांभळी येतात. ती घेतलीत की पाच काळी. लेव्हल तीच, पण दरवेळी रस्ता नवा. काळी नाणी घेईपर्यंत डोक्याला असा शॉट बसतो, की बॉसचे ई-मेल प्रेमळ वाटू लागतात.

मी पेटले. सकाळी लोकलमध्ये, लंचनंतर पॅण्ट्रीत, रात्री अंथरुणात. चौथ्या दिवशी पहिल्या लेव्हलचा दादाचा स्कोअर तोडला. कित्ती वर्षांनी जिंकत होते मी! दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लेव्हलचा. तिसऱ्या दिवशी सकाळी गेम उघडला तर... पहिल्या लेव्हलला दादाचा स्कोअर माझ्या पुढे.

मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा तोडला. रात्रीत तो पुन्हा पुढे. अरेच्चा!

दोन आठवडे असं चाललं. व्हॉट्सअॅपवर एक अक्षर नाही. फोन नाही. फक्त आकडे. मग एका संध्याकाळी आईच्या फोनवरून भाच्याचा कॉल आला. आठ वर्षांचा आहे. "आत्या, भुताच्या वाड्यात तू इतकी नाणी कशी काय घेतलीस?"

"म्हणजे इतके दिवस तू खेळतोयस होय?" मी म्हटलं. माझा सगळा उत्साहच मावळला.

"मी नाही गं! मला फोन देतो कुठे तो? बाबाच खेळतो. रात्री सगळे झोपले की. आजी त्याला रागावते." मग हळूच, "माझा चान्स येतच नाही."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

ज्या मंगळवारच्या शर्यतीपासून सुरुवात केली, ती त्यानंतरची. लोकलमध्ये दादाच्या भुताने मला हरवलं. मग चिडून तिसरी लेव्हल काढली. चार जांभळी नाणी मिळाली होती, पाचवं डोक्यावरून निघून गेलं. मारिओ तर पुढे पळतोय. थांबता येत नाही. आणि तेव्हा मला गेममधला एक बारीकसा फंडा आठवला, जो मी इतके दिवस वापरलाच नव्हता.

मारिओ खड्ड्यात पडला की मरत नाही, बुडबुड्यात जातो. बुडबुडा तरंगत तरंगत मागे येतो, तुम्ही फोडला की तिथून पुन्हा सुरुवात. असे दोन बुडबुडे मिळतात. पण त्यासाठी पडायलाच हवं असं नाही. तुम्ही स्वतःहूनही बुडबुड्यात शिरू शकता. एक बुडबुडा खर्च करायचा, तरंगत मागे जायचं आणि जे नाणं राहिलं, तिथे उतरायचं.

गंमत बघा. आमच्या त्या जुन्या मारिओत थांबता यायचं, पण मागे जाता यायचं नाही. स्क्रीन एकदा पुढे सरकली की सरकली. सुटलेलं नाणं सुटलंच. या नव्या मारिओत थांबता येत नाही, पण मागे जाता येतं. फक्त एक बुडबुडा जातो. मी तो इतके दिवस हट्टाने वाचवून ठेवला होता, पडलो तर असावा म्हणून. आणि दरवेळी लेव्हलच्या शेवटी तो तसाच शिल्लक राहायचा.

परळला उतरले. पुलावर ही गर्दी. एका कडेला उभी राहिले आणि दादाला फोन लावला.

"हॅलो." आठ महिन्यांनी ऐकलेला आवाज.

मला काही सुचेना. म्हटलं, "तिसऱ्या लेव्हलमधलं शेवटचं जांभळं नाणं कसं घेतोस तू?"

पलीकडे सगळं शांत. मग म्हणाला, "आधी बुडबुड्यात जायचं. मागे यायचं. मग भिंतीवरून डबल उडी."

"एक बुडबुडा फुकट जातो."

"जाऊ दे की. दोन असतात."

पुन्हा शांत. पुलावरून लोक मला धक्के मारत चाललेले. मग मीच म्हटलं, "दादा, सही मी तेव्हाही केली नसती असं नाही. पण तू विचारायला हवं होतंस."

"हो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मला वाटलं, विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर?"

घ्या! इतकी वर्षं मी समजत होते, की पहिला रिमोट ज्याच्या हातात असतो त्याला कसली भीती नसते.

"मी बोलू?" मी विचारलं.

"बोल ना," तो म्हणाला. "तुझा चान्स."

दादाने न मरता मला दिलेला हा आयुष्यातला पहिला चान्स. मी बोलले. पंधरा मिनिटं, परळच्या पुलावर, ऑफिसला लेटमार्क लावून. तोही बोलला. भांडलोसुद्धा थोडं. येत्या रविवारी तो आईला घेऊन डोंबिवलीला येतोय. फ्लॅटचं काय करायचं, ते तिघं बसून ठरवू. मी सही करीन का? अजून ठरलेलं नाही. खरंच सांगते, नाही ठरलेलं. कदाचित माझा हिस्सा घेईन, कदाचित त्याला देऊन टाकीन. पण जे करीन ते विचारल्यावर करीन, पीडीएफवर नाही.

भाच्याला मात्र मी शब्द दिलाय. रविवारी तो माळ्यावरचा डबा खाली काढायचा. चालला तर ठीकच, नाहीतर फुंकर मारायची. मारिओ तो, आणि त्याचा बाबा लुइजी. बघू दे जरा मांडी घालून!

जाता जाता, ज्यांना आता हुक्की आली असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पहिल्या काही लेव्हल फुकट आहेत, त्या आधी खेळून बघा, मगच पैसे भरा. नेट लागतं, त्यामुळे विमानात किंवा बोगद्यात आशा ठेवू नका. लाल रंगाचे थांब्याचे ठोकळे दिसले की घाई करू नका, त्यावर मारिओ उभा राहतो आणि घड्याळही थांबतं. पुढची उडी नीट बघून घ्या. आणि लुइजी हवा असेल, तर तो आयता मिळत नाही. रॅली जिंकून टोड जमवा आणि मग त्याचं घर बांधा. थोडी मेहनत आहे. पण या गेममध्ये सगळ्यात उंच उडी लुइजीचीच असते बरं का!